घर बघायला एप्रिलात जाऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या पुरवणीत एक लेख आला होता, जुनं पडीक घर स्वस्तात घ्या, थोडा खर्च करून चकाचक करा, भाड्यानं द्या आणि घरबसल्या इन्कम चालू करा असा. तो वाचून आमच्या कारखान्यातल्या तीन बायका माझ्याकडं आल्या, अक्का तुम्ही घेतलंय की असलं घर, आम्ही पण बघावं का म्हणून. जेवणाच्या सुट्टीत सांगायला बसले तर सुट्टी संपली तरी माझं संपेना, मग म्हणलं पेपरलाच लिहावं. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात हिशोब बघते, लिहायची सवय नाही, शुद्धलेखन तेवढं तुम्ही बघून घ्या.

लेख खोटा नव्हता. पण त्यातल्या फोटोत सगळ्या घरांवर कडक ऊन होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जुनं घर घ्यायचं असेल तर ते पावसात बघा. सोलापुरात पाऊस असतोच कुठं म्हणून हसू नका, जो काय पडतो त्यातला जास्त सप्टेंबरात पडतो, आणि घराचे सौदे मात्र सगळे मार्च ते मे, पोरांच्या परीक्षा झाल्या की. एजंट काय खुळा आहे का सप्टेंबरात घर दाखवायला.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, पैसे आले, मुलगी लग्न होऊन गेलेली, तर म्हणलं पैसे बँकेत ठेवून खाण्यापेक्षा एखादी वास्तू होईल. २०२२ च्या एप्रिलात एजंटनं बाळीवेस भागातलं घर दाखवलं, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज जातात त्या रस्त्यापासून आत दोन गल्ल्या. गुंठाभर पण जागा नाही, ९४० स्क्वेअर फूट. पुढं ढेलज म्हणजे दारातली ओसरी, त्याच्यावर पत्र्याची माडी, मग छोटा चौक, चौकाच्या पलीकडं माळवदाचा, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेला, मोठा सोपा, त्याला लागून स्वैपाकघर आणि एकदम मागं अंधारी एक खोली. बाहेर बेचाळीसचं ऊन आणि सोप्यात पाय टाकला की माठात शिरल्यासारखं गार. दोन दोन फुटाच्या भिंती, कोनाडे, देवळी, माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं साणं, त्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडलेला. मी तिथंच हरले. खोटं कशाला सांगू, तो उन्हाचा गोल बघून मी घर घेतलं.

त्या दिवशी मी काय काय बघितलं नाही ते आता सांगते. सोप्याच्या भिंतीला जमिनीपासून तीन फुटापर्यंतच नवा गिलावा होता, वरचा जुना होता, आणि सगळ्यावर ताजा पिस्ता कलर. माणूस अख्खी भिंत सोडून खालच्याच तीन फुटाला गिलावा का करेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. एका कोपऱ्यात लोखंडी कपाट भिंतीला चिकटून उभं होतं, रिकामं. रिकाम्या घरात रिकामं कपाट कशाला? स्वैपाकघराच्या दाराची खालची पट्टी फुगून फाटलेली होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गल्लीतून आत यायला दोन पायऱ्या खाली उतरावं लागत होतं. जुन्या घराला कुणी पायऱ्या उतरून जात नसतं हो, चढून जायचं असतं. दर वेळी जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच काँक्रीटचा नवा थर टाकत टाकत गल्लीच वर आलेली, घर आहे तिथंच राहिलेलं. म्हणजे गल्लीचं सगळं पाणी कुणाकडं बघणार ते सांगायला नको.

सौदा ठरला अठरा लाखाला. कागदाचं पुराण लांब आहे पण टाळता येत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा काढला तर त्याच्यावर अजून मालकांच्या आजोबांचंच नाव, वारस लावलेलेच नाहीत. एजंट म्हणतो तिघं भाऊ सही करतील, विषय संपला. आमचे वकील म्हणले तिघं भाऊ ठीक आहे, बहिणी किती? बहिणी दोन, एक वारलेली, तिची दोन मुलं सुरतेला. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, फक्त सह्या घ्यायच्या वेळी कुणाला आठवत नाही. सुरतेची मुलं यायला दोन महिने गेले. मागच्या तीस वर्षात घराचे काय व्यवहार झाले त्याचा सर्च काढला, पेपरात पंधरा दिवसाची जाहीर नोटीस दिली, मिळकत कराची थकबाकी मालकाच्या रकमेतून वळती केली. एक फायदा झाला, घर माझ्या नावावर घेतलं म्हणून स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागली, २०२१ पासून बाईच्या नावानं राहतं घर घेतलं की ही सवलत आहे. अठरा हजार वाचले. ह्यांना थोडं लागलं मनाला, पण अठरा हजार म्हणल्यावर गप्प बसले.

आणि त्या नोटिशीमुळं कळलं की ढेलजेतल्या बाजूच्या खोलीत इस्त्रीचं दुकान चालवणारे काका हे नुसते ओळखीचे म्हणून बसलेले नाहीत, ते जुने भाडेकरू आहेत, वडलांपासून, भाडं महिना पस्तीस रुपये, पावत्या सगळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. एजंटला विचारलं तर म्हणतो ते जातील हो, म्हातारे झालेत. असं कुणी जात नसतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे त्यांना, आणि खरं सांगायचं तर असावं पण. कायद्यानं मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, पस्तीस रुपयावर चार टक्के म्हणजे एक रुपया चाळीस पैसे. मी हिशोबनीस बाई, मी ते पण मांडून बघितलं आणि वही मिटली. काका आहेत तिथंच आहेत. सकाळी सातला दुकान उघडतात, रात्री नऊला बंद, मधल्या वेळात आमच्या घरात कोण आलं कोण गेलं, नळ कधी आला, मोटर कुणी चालू ठेवली सगळी खबर त्यांच्याकडं. वॉचमन ठेवला असता तर किती घेतला असता.

आता मूळ विषय. बँकेनं लोन दिलं नाही, माळवदाचं मातीचं घर म्हणल्यावर त्यांचा इंजिनिअर दारातूनच फिरला, तर दुरुस्तीसाठी माझं सोनं ठेवलं. गल्लीतल्याच ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, नाव कशाला घ्यायचं, माणूस वाईट नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. नवीन कॉलन्यांमध्ये बंगले बांधणारा माणूस. म्हणला अक्का ह्या भिंती दगड मातीच्या आहेत, ओल येते, सगळीकडून सिमेंटचा गिलावा मारून टाकू, खाली टाईल्स, भिंतीला चार फूट टाईल्स, माळवदावर पण सिमेंटचा कोबा, विषय कायमचा बंद. तीन लाखात बसवतो. जूनमध्ये चालू केलं, ऑगस्टच्या शेवटी घर असं दिसायला लागलं की माझ्या जावेनं विचारलं नवीन बांधलं का म्हणून.

सप्टेंबरात पाऊस आला. दोन रात्री सलग. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री आम्ही तिथंच झोपलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी भाडेकरू बघायला येणार होते. पहाटे मला पाठीला गार लागलं म्हणून उठले, लाईट लावली तर टाईल्सच्या सांध्यासांध्यातून पाणी असं वर यायलंय, पाझर फुटल्यासारखं, आणि भिंतीला हात लावला तर नवा गिलावा पोकळ वाजला. बोटानं दाबलं तर ताटाएवढा तुकडा हातात आला. मागं माती भिजून लगदा. त्या तुकड्याच्या आतल्या बाजूला पांढरं पांढरं मिठासारखं फुटलेलं. लोणा. महिनाभरात.

तिथून पुढं पंधरा दिवस मी बोलत नव्हते कुणाशी. काकांनीच सांगितलं की एक म्हातारे मेस्त्री आहेत, पूर्वी ह्या भागातल्या सगळ्या वाड्यांची कामं त्यांचीच, आता गुडघ्यामुळं कुठं जात नाहीत, रिक्षानं आणलं तर येतील. आणलं. मेस्त्री मामा आले, चौकात खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, आणि अर्धा तास काहीच बोलले नाहीत, नुसतं बघत बसले. मग म्हणले, अक्का, ह्या भिंतीला तुम्ही रेनकोट घातलाय, आतून भिजलेल्या माणसाला रेनकोट घातला तर तो वाळणार कसा.

ते मला आजपर्यंत कुठल्या इंजिनिअरनं इतकं सरळ सांगितलं नव्हतं. दगड मातीच्या भिंतीला पाया काँक्रीटचा नसतो, ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी ती थोडं थोडं वर ओढतच असते. चुन्याचा गिलावा असला की ते पाणी उन्हात बाहेर उडून जातं, भिंत भिजते आणि वाळते, भिजते आणि वाळते, शंभर वर्षं तेच चाललेलं असतं. सिमेंटनं तोंड बंद केलं की पाणी आतच चढत बसतं, माती सुटते, क्षार बाहेर यायला बघतात आणि गिलावा ढकलून पाडतात. टाईल्सनं तर जमिनीचं पण तोंड बंद केलेलं. म्हणजे तीन लाखातले दोन लाख मी भिंत आजारी पाडायला दिले.

मग मामांनी ह्यांच्याकडून हातोडी मागितली आणि सोप्याची तुळई वाजवायला सुरू केली. मधे ठण ठण. भिंतीजवळ आले की भद् भद्. ह्यांच्या खिशात वायरमनचा टेस्टर असतो नेहमी, तो घेतला आणि तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला लावला, तर जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. सागवानाची तुळई, मधे लोखंडासारखी, आणि जिथं सगळा भार भिंतीवर टेकतो तिथं भुसा. तुळई मधे कधी कुजत नाही म्हणले, जिथं दिसत नाही तिथंच कुजते. जुनं घर बघायला जाणाऱ्यांनी लेझर मीटर नेऊ नका, एक हातोडी आणि एक टेस्टर न्या, आणि मालकाला राग आला तर समजून जा.

माळवद उकरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तुळईवर कड्या म्हणजे आडवी लाकडं, कड्यांवर किलचण म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या, त्यावर पाला आणि मग माती, सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवलेली, पन्हळीकडं उतार. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी वरून पांढरी माती टाकायची. आता झालं काय की पिढ्यान् पिढ्या नुसती टाकतच गेले, खालची काढलीच नाही. आमचं माळवद दीड फूट जाड भरलं, वीस बाय पंधराचा सोपा, सहा ट्रॉल्या माती निघाली, आणि ट्रॅक्टर गल्लीत शिरत नाही म्हणून सगळी पाटीनं रस्त्यापर्यंत. एवढं वजन डोक्यावर घेऊन वर परत त्या कॉन्ट्रॅक्टरनं कोबा टाकलेला. मामा म्हणले तुमच्या पूर्वजांचं पुण्य आहे. मी म्हणलं आमचे नाहीत, मालकाच्या आजोबांचं असेल.

परत माळवद करायची माझी इच्छा होती, त्या उन्हाच्या गोलासाठी. पण दर वर्षी माती टाकायला माणूस मिळत नाही आणि भाडेकरू काय स्वतः चढून टाकणार नाही. लायसनवाल्या इंजिनिअरला दाखवून, त्याच्या सहीनं, लोखंडी गर्डर, त्यावर शहाबादी फरशी आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असं केलं. शहाबाद आपल्याला जवळ आहे, वाडी जंक्शनला जाताना रेल्वेनं लागतं, म्हणून सोलापुरात अर्ध्या जुन्या घरांना ही पद्धत आहे. गरम होतं थोडं, माळवदासारखं नाही. साण्याच्या जागी जाड काच बसवून घेतली. गोल पडतो अजून.

भिंतींचा सगळा सिमेंट गिलावा छिन्नीनं काढला, टाईल्स काढल्या, जमिनीला पण शहाबादी, आणि भिंतीला चुना. कळीचा चुना आणून ड्रममध्ये भिजवला, पाणी टाकलं की इतका उकळतो की जवळ उभं राहवत नाही, लहान पोरं असतील तर लांब ठेवा. मामांनी महिनाभर त्याला हात लावू दिला नाही. मग चाळून, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून, हिरड्याचं पाणी आणि गूळ. गुळानं मुंग्या लागतील म्हणून हे रोज बघायचे, लागल्या नाहीत. एक हात दिला की वाळायला वाट बघायची, मग दुसरा, ऊन लागू नये म्हणून ओली पोती लटकवायची. सिमेंटवाला आठ दिवसात करून गेला होता ते काम मामांनी आणि दोन पोरांनी अडीच महिने केलं. घाई केली की उठून जायचे. आणि गल्लीच्या बाजूनं भिंतीला लागून एक उथळ चर काढून त्यात खडी भरली, गल्लीचं पाणी भिंतीला न टेकता पुढं जावं म्हणून. तो चर सगळ्यात स्वस्त काम, अकरा हजार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

हे सगळं वरून आणि खालून येणाऱ्या पाण्याचं झालं. नळातून न येणाऱ्या पाण्याचं वेगळंच. सोलापूरकरांना सांगायला नको, उजनीत धरणभर पाणी असलं तरी त्या वेळी आपल्या नळाला चार पाच दिवसाआडच यायचं. घर स्वतः वापरायचं असेल तर माणूस बादल्या भरून चालवून घेतो, भाडेकरू चालवून घेत नाही. सहा माणसं, माणशी दिवसाला शंभर लिटर, पाच दिवस म्हणजे तीन हजार लिटर साठवण पाहिजे, आणि एखादी पाळी चुकली तर तेवढंच अजून. ९४० स्क्वेअर फुटात ही टाकी ठेवायची कुठं? तेव्हा काकांनी सांगितलं चौकात आड होता. मालकांनी राडारोडा टाकून बुजवलेला, आणि एजंटनं आम्हाला सांगितलेलं चौक केवढा ऐसपैस आहे बघा. आड उकरला. त्यातून काय काय निघालं, विटा, एक खलबत्ता, सायकलची चेन, दोन मूर्ती ज्या आम्ही विधीनं विसर्जन केल्या. चोवीस फुटावर पाणी लागलं. प्यायचं नाही, पण धुण्याभांड्याला आणि संडासला चालतं, वरच्या कोब्याचं पावसाचं पाणी पण पाईपनं त्याच्यातच सोडलंय. त्यामुळं नळाच्या पाण्याला तीन हजाराची टाकी पुरते. भाडं आमच्या घराला मिळतं ते कलर बघून नाही मिळत, आड बघून मिळतं.

भाडेकरू २०२३ च्या दिवाळीनंतर आले. माडीवर शिकणाऱ्या तीन मुली, प्रत्येकी अडीच हजार. सोपा आणि स्वैपाकघर एका कुटुंबाला साडेपाच हजार. इथं पण सल्ले देणारे खूप, पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्याचं नोटरी करा, नोंदणीची गरज नाही. गरज आहे. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, अकरा महिन्याचा असला तरी, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची, भाडे कायद्याचं कलम ५५. नाही केला तर तीन महिन्यापर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि उद्या भांडण लागलं तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. एकूण भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी, ऑनलाईन होतं, आणि पोलिसात भाडेकरूची माहिती द्यायची. एवढ्यासाठी लोक नोटरीवर का थांबतात कळत नाही. तसंच भाड्यानं दिलेलं घर नीट ठेवायची जबाबदारी पण कायद्यानं मालकावर आहे, लेखी कळवून पंधरा दिवसात केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत कापून घेऊ शकतो. काकांना हे माहीत आहे. त्यांनी मला ते कळवलं पण आहे, त्यांच्या पत्र्याबद्दल. पस्तीस रुपयाच्या वर्षाच्या भाड्याचा पाव हिस्सा एकशे पाच रुपये होतो, मी पत्रा बदलून दिला.

आता हिशोब, कारण त्या लेखात हिशोब नव्हता. घर १८ लाख, स्टॅम्प आणि नोंदणी एक लाख आठ हजार, दुरुस्ती दोन्ही मिळून ८ लाख ४० हजार, वकील वगैरे धरून पावणे अठ्ठावीसच्या घरात. भाडं महिना तेरा हजार, वर्षाचं एक लाख छप्पन्न, काकांचे चारशे वीस वेगळे. साडेपाच टक्के पडतात. त्यातून मिळकत कर, मोटर, दर वर्षी एक हात चुना, आणि मुली सुट्टीला गेल्या की मे महिना रिकामा. बँकेत एफडी केली असती तर आम्हाला ह्याच्यापेक्षा जास्त मिळाले असते आणि माझं सोनं घरात राहिलं असतं. सिमेंटचं ते पहिलं काम झालं नसतं आणि मागची खोली पण भाड्यानं गेली असती तर गणित बरं दिसलं असतं, पण जर तर आमच्या कारखान्यात ताळेबंदात धरत नाहीत. ह्यांचं म्हणणं जागेची किंमत वाढली ती धर. मी म्हणते विकल्यावर धरीन.

म्हणून बायकांना मी नका घेऊ असं पण सांगितलं नाही. एवढं सांगितलं की आत्ता बघून ठेवा, साठेखत म्हणजे खरेदीच्या आधीचा करार करायची घाई करू नका, आणि सप्टेंबरात मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जाऊन या. मालक बोलू देत काय बोलायचं ते. भिंतीला खालून हात लावा, रिकामं कपाट असेल तर सरकवा, गल्लीतून पायरी चढता का उतरता बघा, शेजाऱ्याला आड कुठं होता विचारा. आणि घराला धोकादायक म्हणून महापालिकेची नोटीस आली आहे का हे विचारताना ती कुठल्या वर्गात आहे ते पण विचारा, सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं राहूनच दुरुस्ती, सी-३ किरकोळ. नोटीस म्हणलं की सगळे एकदम घाबरतात आणि कवडीमोलानं बिल्डरला देऊन टाकतात. आमच्या गल्लीत दोन चांगली घरं अशीच गेली, नुसती तुळई बदलून उभी राहिली असती.

जाता जाता एक काम होतं, त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं. आमची मागची खोली अजून अर्धी आहे, तीन भिंती झाल्या आणि चौथी उघडी, आणि मामा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं विजापूरला गेले ते आता परत येतील असं वाटत नाही. त्यांची दोन्ही पोरं पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर. सोलापूर, अक्कलकोट, बार्शीकडं कुणी चुन्याचं काम करणारं असेल, म्हातारं असलं तरी चालेल, रिक्षानं आणायची सोय करू, तर त्यांनी तुमच्या ऑफिसात नाव देऊन ठेवावं, मी शनिवारी येऊन घेऊन जाईन. भिजवलेला चुना दोन ड्रम तयार आहे, वर पाणी ठेवलंय त्यामुळं खराब होत नाही. फक्त पावसाच्या आधी झालं तर बरं.

आपली वाचक,
बाळीवेस भागातली एक घरमालकीण, सोलापूर